छायांकित प्रत

दोन रुपये पान. नऊ पानं. अठरा रुपये.
बेलापूरच्या खिडकीवर मोजून भरले,
पावती औषधांच्या पिशवीत ठेवली,
तिथलं काही हरवत नाही.

अर्ज साधा होता.
दिघ्याला, खदानीच्या वर आमची गल्ली.
अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे
दर बुधवारी नर्स घरी येते, असं फलकावर आहे.
फलक आरोग्य केंद्राच्या दारावर आहे, मोठा आहे,
त्यावर एक म्हातारा हसतो,
दात सगळे शाबूत.
मी विचारलं, आमच्याकडे किती वेळा आली?

मला माहीत होतं तसं.
भिंतीवर दिनदर्शिका आहे.
दुधाला निळी फुली, गॅसला गोल,
सिस्टर आली की मी लाल टिकली चिकटवते, कपाळाचीच.
वर्षात दोन टिकल्या.
एक जूनमध्ये, एक दिवाळीच्या तोंडावर.

उत्तर एकेचाळीसाव्या दिवशी आलं.
कायद्यात तीस आहेत. अकरा दिवस सोडून दिले त्यांना.

भेटी : एकोणतीस.
रक्तदाब घेतला. जखम पुसली. कूस बदलली.
कुटुंबाचे समुपदेशन केले.
(कुटुंब म्हणजे मी.
शेजारच्या पोरीला विचारलं, समुपदेशन म्हणजे काय गं?
ती म्हणाली, धीर देणं.)
आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला चौकटीत
रुग्णाच्या सहीच्या जागी एक काळा ठसा,
खाली बारीक अक्षरात :
उजवा अंगठा.

पानं ओट्यावर पसरली.
मग ह्यांच्याकडे पाहिलं.

ह्यांचा उजवा अंगठा
रबाळ्याच्या पत्र्याच्या कारखान्यात प्रेसखाली राहिला.
थोरली तेव्हा पाळण्यात होती,
आता तिची पोरगी बालवाडीत जाते.

रेशनच्या मशीनला ह्यांचा डावा अंगठा
तीन-तीनदा ओळखू येत नाही.
पालिकेला मात्र उजवा सापडला,
तोही एकोणतीस वेळा.
ह्यांना दाखवलं. लकव्यानंतर
तोंड एकाच बाजूनं हसतं.
तेवढं हसले.

अपिलाला वीस रुपयांचा स्टॅम्प.
साहेब वाईट नव्हते. पंखा माझ्याकडे वळवला.
म्हणाले, बाई, माहिती मागितलीत, माहिती दिली.
ती खरी का, हा विषय वेगळा, टेबल वेगळं.
आरोग्य विभागानं काम संस्थेला दिलंय,
संस्था म्हणते कंत्राट मार्चमध्येच संपलं,
आणि तुमची गल्ली तर एमआयडीसीच्या जागेत.

मी म्हटलं, गल्लीचं जाऊ द्या.
हा अंगठा कुणाचा, एवढं सांगा.
नाव, हुद्दा, कुठल्या टेबलाला बसतो.

साहेबांनी कागदावरचा हात उचलून
मांडीवर घेतला.

मंगळवारी रात्री खिल्लारे सिस्टर आली.
गणवेश नव्हता. पाच महिने पगार नव्हता.
ह्यांना कुशीवर वळवलं, माकडहाडाजवळची जखम
बराच वेळ बघत बसली.
कापूस तिचा, बाटली तिची.
तीन वॉर्ड आहेत, म्हणाली, मी एकटी.
वरून वही मागितली की भरून द्यावी लागते.
ते ठसे माझे नाहीत, ताई.

जखम बांधून झाली.

पाच-सहा असतील माझे.

चहा दिला मी. साखर जास्त पडली, रागात.
तिनं तसाच पिऊन टाकला.
दारात चपला घालताना म्हणाली,
आजचं कुठं लिहू नका.

टिकल्यांचं पाकीट आरशामागं असतं.
मंगळवारच्या चौकोनात एक लावली,
पंख्यानं पडू नये म्हणून
अंगठ्यानं दाबून धरली थोडा वेळ.

दुसऱ्या अपिलाला नव्वद दिवस असतात.
आज सतरावा.